पूर्ण विझू दे, मग सांग

बाबा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या गाडीची बॅटरी उतरली. आम्ही मनावर घेतलं नाही. दुःख आहे, होतं असं. गाडीही शेवटी घरातलीच.

पण नंतर ते रोजचंच झालं. संध्याकाळी बॅटरी चार्ज करून लावावी आणि सकाळी किल्ली फिरवावी तर गाडीने नुसतं 'टक्' म्हणावं. दीड महिना झाला तरी तिचं दुःख ओसरेना.

"हे बसलेत आत," आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिथून अंगणातली गाडी मागच्या बाजूने दिसते.

"कुठे बसलेत?"

"त्यांच्या जागेवर. आणखी कुठे बसणार?"

त्यांची जागा म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारची. बाबांचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि आमची गाडी दोन ब्रेकची आहे, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. बावीस वर्षं बाबा स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखे शेजारी बसले. शहरात निदान चारशे माणसं अशी सापडतील जी त्यांचं नाव निघालं की छाती फुगवून एकच वाक्य म्हणतात: "सरांनी माझ्यासाठी एकदाही ब्रेक लावला नाही."

त्या चारशेंत मीही आहे, आणि माझ्या बाबतीत हे वाक्य जरा गंभीर आहे. मला घरात आणि घराबाहेर 'रिव्हर्स' म्हणतात. पहिल्या दिवशी मी गाडी सुरू केली आणि पूर्ण आत्मविश्वासाने, समोर बघत, मागे गेलो. गल्ली संपेपर्यंत गेलो. बाबांनी ब्रेक लावला नाही. ते एवढंच म्हणाले, "छान. आता हेच पुढच्या दिशेने करू या." त्यावरून मी समजलो की या माणसाचा एकतर माझ्यावर फार विश्वास आहे किंवा जगण्यात रस उरलेला नाही.

मला चालवायला जमेना, तरी गाडीचं एक काम मात्र लहानपणापासून माझ्याकडे होतं. मागे उभं राहण्याचं. ब्रेकचा दिवा तपासायला दोन माणसं लागतात. जो दाबतो त्याला दिसत नाही आणि ज्याला दिसतं तो दाबू शकत नाही. दर रविवारी सकाळी बाबा आत बसून ओरडायचे, "दाबला!" मी मागून ओरडायचो, "लागला!" "सोडला!" "विझला!" पण जुना बल्ब पटकन विझत नाही. आतली तार लाल, मग तांबूस, मग राखाडी होत जाते. मी आधीच ओरडलो की बाबा मान बाहेर काढायचे. "घाई नको. पूर्ण विझू दे, मग सांग."

सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठी जबाबदारी कुणी देत नाही.

तर बाबा गेल्यावर ताईने कुरियरच्या ऑफिसातली नोकरी पंधरा दिवसांत सोडली आणि स्कूल चालवायला घेतलं. कुणाला विचारलं नाही. दारावरची पाटी फडक्याने पुसली आणि बाबांच्या डायरीत पुढच्या पानावर आठ शिकाऊंची नावं लिहिली. त्यानंतर महिनाभरात पत्र आलं: गाडीच्या तपासणीची मुदत शुक्रवारी संपते. गाडी पास झाली नाही तर स्कूलचा परवाना आपोआप रद्द, आणि मालक बदलल्यामुळे नवा अर्ज दोन वर्षं घेता येणार नाही.

"दोन वर्षं मी काय करू?" ताई म्हणाली. "कुरियरवाल्यांनी माझ्या खुर्चीवर पार्सलं रचली असतील."

त्या रात्री जेवताना ती काही बोलली नाही. ताई जेवताना बोलत नाही म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय असं समजायचं.

मंगळवारी सकाळी बॅटरी चार्जिंगला काढताना तिच्या हातून निसटली. गाडीची बॅटरी चौदा किलोची असते ही माहिती आम्हाला ताईच्या उजव्या पायाने दिली. दुपारी ती गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून कोचावर पडली होती आणि तिथूनच हुकूम सोडत होती.

"रिव्हर्स, ब्रेकचा एक बल्ब गेलाय. शुक्रवारी तुलाच गाडी न्यायचीय."

"मला?"

"नाही, आईला. आधी जाऊन बल्ब आण. आणि जुना बल्ब बरोबर ने, नाहीतर फ्रिजचा घेऊन येशील."

जुने बल्ब शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बाबांना वस्तू टाकवत नसे. गेलेले सगळे बल्ब त्यांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. डब्याला झाकण नव्हतं. वर जाड कागद आणि रबरबँड. आत प्रत्येक बल्ब कागदात गुंडाळलेला आणि कागदावर तारीख. मी डबाच उचलला.

दिव्यांचं दुकान चौकाच्या पलीकडे आहे. एक काकू चालवतात, वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर. भिंतभर बल्ब लटकलेले आणि मध्ये काकू, म्हणजे एखादं झाड आपलंच फळ विकायला बसलंय असं वाटतं.

"तू सरांचा मुलगा ना? रिव्हर्स?"

"हो."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर ढकलला. मग मला आठवलं. बाबा गेले तेव्हा स्टिअरिंगवर याच होत्या.

"मी पुन्हा गाडीला हात लावला नाही बघ," त्या म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. "आम्ही मोठ्या रस्त्यावर होतो. सर म्हणाले, 'छान चाललंय. आता इंडिकेटर द्या आणि बाजूला घ्या.' आवाज नेहमीसारखाच. मी घेतली. मागे एवढी वाहनं, पण एकानेही हॉर्न मारला नाही. सगळे लांब थांबले, शहाण्यासारखे. मी आरामात बाजूला घेतली आणि वळून म्हटलं, 'जमलं ना सर?'"

त्यांनी काउंटरवरची धूळ बोटाने पुसली. धूळ नव्हती.

"त्या दिवशीसुद्धा त्यांनी ब्रेक लावला नाही. माझ्यावर सोडलं सगळं." मग आवाज बदलून, "काय हवंय?"

मी म्हटलं ब्रेकचा बल्ब, आणि डबा पुढे केला. काकू एकेक कागद सोडू लागल्या. बुडाला दोन ठिपके असलेले वेगळे, एका ठिपक्याचे वेगळे.

"हा एक ठिपका इंडिकेटरचा. दोन ठिपके म्हणजे एकाच बल्बात दोन तारा, मंद मागच्या दिव्याची आणि झगझगीत ब्रेकची. इंडिकेटरचे दोन. नंबरप्लेटचा एक. आणि ब्रेकचे..." त्या मोजत राहिल्या. "एकतीस."

"जास्त आहेत का?"

"अरे, ट्रकवाल्यांचे एवढे जात नाहीत! आणि सगळ्यांत ब्रेकचीच तार तुटलेली. दिवसभर ब्रेक लावून फिरल्यासारखं." आणि मग दोघांनाही एकदमच कळलं की हे बाबांबद्दल चाललंय. ज्यांनी कधीच ब्रेक लावला नाही त्यांच्याबद्दल.

काकूंनी डबा माझ्याकडे सरकवला. "मागे एखादा घाणेरडा होल्डर असेल," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या स्वतःच्याच ते पचनी पडलेलं दिसलं नाही.

मी म्हटलं, एलईडी द्या. बॅटरी रोज उतरते, एलईडी कमी खातो. हे मी इंटरनेटवर वाचलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तांत्रिक बोलत होतो, त्यामुळे जरा मोठ्याने बोललो.

"इंडिकेटरला नको," काकू म्हणाल्या. "एलईडी इतकं कमी ओढतो की गाडीला वाटतं बल्ब गेला, आणि ती घाबरून भराभर डोळे मिचकावते. तिथे जुनेच ठेव. ब्रेकला घे. दोन ठिपक्यांचा, बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असलेला, नाहीतर उलटा बसेल आणि ब्रेक मंद, मागचा दिवा झगझगीत होईल. आणि एक लक्षात ठेव, एलईडी विझतो तो एका फटक्यात. जुन्यासारखा रेंगाळत नाही."

"पांढरा देऊ की लाल?"

काच लाल आहे तर बल्ब कशाला लाल, असा मी विचार केला. पांढरा जास्त उजेड देणार हे उघड आहे. काकूंचं तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मी पांढरे घेऊन बाहेर पडलो.

घरी बसवले. ताई कुबड्या घेऊन अंगणात आली. मी आत बसून ब्रेक दाबला.

"लागला?"

कुबड्यांची टकटक मागे येऊन थांबली.

"रिव्हर्स," ताई म्हणाली, "ही गाडी आहे की बारशाचा फुगा?"

लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबी दिसतो. मी परत गेलो. काकूंनी लाल जोडी आधीच काढून काउंटरवर ठेवली होती.

बुधवारी दुपारी लाल बल्ब बसवले. आता रंग असा सुंदर आला की ताईनेही नावं ठेवली नाहीत, आणि ताई नावं ठेवत नाही हे आमच्याकडे बक्षीस मानतात. मी किल्ली काढली, दारं लावली, हात धुतले. उन्हं उतरली तशी आई खिडकीशी गेली आणि तिथेच थांबली.

"बघ," ती म्हणाली.

गाडी बंद होती. आत कुणी नव्हतं. आणि मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे लागलेले होते. पूर्ण नाही. बारीक, विस्तवाची राख फुंकल्यावर दिसतो तेवढा लाल. स्थिर.

"मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. दीड महिना कुणी विश्वास ठेवला नाही आणि आता पुरावा मिळाला, असा आवाज. "पाय ठेवून बसलेत."

मी बाहेर गेलो. किल्ली माझ्या खिशात होती. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं, हे मी दोन्ही बाजूंच्या काचांतून पाहिलं, आणि मग मागच्या काचेतूनही, कारण तोवर माझी अवस्था तशी झाली होती. खाली पायपुसणी अंथरलेली. तिच्यावर बाबांच्या टाचेचा खड्डा, बावीस वर्षांचा. दिवा तसाच.

मागून आई ओरडली, "अहो, काढा आता पाय! बॅटरी उतरतेय!"

दिवा गेला नाही. पण मी दोन पावलं मागे गेलो.

ताईने कोचावरून काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकूंनी ऐकून घेतलं. "कुठून तरी थोडा करंट गळत असेल. ब्रेकच्या दिव्याला किल्ली लागत नाही, तो नेहमीच जिवंत असतो. जुन्या बल्बला एवढ्याशा करंटने काही व्हायचं नाही, बॅटरी तेवढी उतरायची. एलईडीला तेवढंही पुरतं." मागे खण उघडल्याचा आवाज आला. "माझ्याकडे छोटा रेझिस्टन्स आहे. बल्बशेजारी जोडला की गळती तो पिऊन टाकतो. दिसणार नाही."

"दिसणार नाही," ताई म्हणाली, "पण असेल ना?"

"असेल."

मला सांगायला लाज वाटते, पण माझं मत रेझिस्टन्सच्या बाजूने होतं. दिसत नाही त्याच्याशी मी वर्षानुवर्षं छान जमवून घेतलंय.

"तपासणीच्या साहेबाने शुक्रवारी हे बघितलं की गाडी नापास," ताई म्हणाली. "आणि झाकून नेली तर परत दुसऱ्या दिवशी बॅटरी मेलेली. शिकाऊ रोज ढकलायला येणारेत का? वायरिंगवाल्याला बोलाव."

वायरिंगवाला गुरुवारी सकाळी आला. बारीक माणूस, तोंडात कायम एक इन्सुलेशन टेपचा तुकडा. त्याने आधी ब्रेकच्या पेडलवरचा स्विच काढून हातात घेतला. म्हणजे आता ब्रेक दाबला तरी दिवा लागायला नको. मागे मी उभा होतो, हे वेगळं सांगायला नको.

"विझला का भाऊ?"

मी हाताचा आडोसा करून पाहिलं. बारीक लाल. तसाच.

"नाही."

"नाही?" तो टेप चावायचा थांबला. "मग पाय कुणाचाय?"

ताई बाजूला खुर्ची टाकून बसली होती. आई दारात. कुणीच हसलं नाही. वायरिंगवाल्याने बहुधा गंमत केली होती, पण आमचे चेहरे बघून त्याने ती मागे घेतली आणि डॅशबोर्डखाली शिरला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. मग आवाज आला.

"इथे एक वायर जादाय. कंपनीची नाही. ही तर दाराच्या बेलची वायर आहे!"

वायर डॅशबोर्डमागून निघून शिकवणाऱ्याच्या बाजूला गेली होती, तिथून पायपुसणीखाली. वायरिंगवाल्याने पायपुसणी उचलली. टाचेच्या खड्ड्याच्या बरोबर खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली एक चपटी वस्तू होती. पत्र्याच्या दोन पट्ट्या, एकमेकींवर, मध्ये कोपऱ्यांत खोडरबराचे तुकडे. टाच दाबली की पट्ट्या चिकटणार. सोडली की सुटणार. वरच्या पट्टीवर अजून अर्धं बिस्कीट छापलेलं दिसत होतं.

"माझ्या डब्याचं झाकण!" आई किंचाळली. मग माझ्याकडे वळली. "वीस वर्षं मी तुला म्हणतेय की तू हरवलंस."

"मी वीस वर्षं नाही म्हणतोय."

"आणि खोडरबर माझं," ताई म्हणाली. "ते मला तू खाल्लंस असं सांगितलं होतं."

वायरिंगवाल्याला आमच्या घरगुती न्यायाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने पट्ट्या बोटाने दाबल्या. मागे दोन्ही दिवे एकदम पेटले, लखलखीत. सोडल्या. दिवे बारीक झाले.

"ब्रेक नाही लागत याने," तो म्हणाला. "नुसता दिवा लागतो. आत बसलेल्याला कळणारच नाही. मागच्याला मात्र वाटणार की ही गाडी थांबतेय." त्याने टेप या गालातून त्या गालात सरकवली. "म्हणजे मागचे लांब राहणार. हुशार होते सर."



शिकाऊ चुकणार असं दिसलं की बाबा ब्रेक लावत नव्हते. ब्रेक लावला की शिकाऊला धक्का बसतो आणि उरलेला तास तो हात थरथरत चालवतो. ते टाच दाबायचे. मागच्या सगळ्यांना सांगायचे, जरा सांभाळून, पुढे आमचं पोर आहे. आणि तोंडाने म्हणायचे, "छान."

"म्हणजे चारशे जणांना खोटं बोलले," ताई म्हणाली.

"खोटं कुठे? ब्रेक लावला नाही हे खरंच आहे."

मी आत जाऊन डबा आणला. कागदांवरच्या तारखा बघितल्या. मी शिकलो तो महिना मला पाठ आहे. त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या लोकांनी कुंड्या आत घेतल्या होत्या. त्या एका महिन्याचे बल्ब तीन. एकतीसपैकी तीन, एका महिन्यात, एका माणसासाठी. मी गल्लीभर मागे जात होतो तेव्हा मागे बघणारं कुणी नाही असं मला वाटलं होतं.

"हे बघा, इथे दोष आहे," वायरिंगवाला म्हणाला. वरची पट्टी मधोमध वाकली होती. "कुणीतरी फार जोरात दाबलंय. एकदाच, पण फार जोरात. पत्रा वाकला तो परत सरळ झालाच नाही. त्यात गंज. पूर्ण सुटत नाही आता, म्हणून गळतंय."

मोठ्या रस्त्यावर मागे एवढी वाहनं होती आणि एकानेही हॉर्न मारला नव्हता. सगळे लांब थांबले होते, शहाण्यासारखे.

ताईलाही कळलं, तिने मान फिरवली. आई दारातून उतरून गाडीजवळ आली. तिने वाकून ती पट्टी बघितली, अर्ध्या बिस्किटावरून बोट फिरवलं.

"कापू?" वायरिंगवाल्याने हळूच विचारलं. पकड त्याच्या हातात होती. उत्तर द्यायचं ताईने, गाडी आणि स्कूल आता तिचं. पण ताई आईकडे बघत होती, आणि मला माहीत होतं की आईने नको म्हटलं तर ताई उद्या तपासणीला जाणार नाही. पाटी उतरवेल, पण वायर कापणार नाही.

आईला वेळ लागला नाही.

"काप," ती म्हणाली. "दीड महिना झाला टाच रोवून बसलेत. पाय दुखत असेल."

पकड 'कट्' म्हणाली. मी मागे होतो. दिवे गेले.

शुक्रवारी सकाळी मी गाडी काढली. पुढे जाणाऱ्या गिअरमध्ये, याची नोंद घ्यावी. ताई शिकवणाऱ्याच्या सीटवर होती, पण उजवा पाय प्लॅस्टरमध्ये म्हणजे तिच्या बाजूचा ब्रेक शोभेचा. पेडलवरचा स्विच वायरिंगवाल्याने परत बसवला होता, पट्ट्या माझ्या शर्टाच्या खिशात होत्या. का घेतल्या, माहीत नाही. प्रत्येक वळणावर त्या छातीला टोचत होत्या.

मी घाबरट आहे हे मला माहीत होतं. पण त्या दिवशीची भीती वेगळी होती. पहिल्यांदाच माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. मागच्या बसला काहीच माहीत नव्हतं. ती खुशाल जवळ येत होती.

"हॉर्न मारतोय तो," मी म्हटलं.

"मारू दे," ताई म्हणाली. "तुझं बघ."

"तू काही म्हण ना."

"काय म्हणू?"

"बाबा म्हणायचे ते."

ताई समोर बघत राहिली. "छान," ती म्हणाली. "आता इंडिकेटर दे. डावीउजवी तूच ठरव, पण एकच ठरव."

आम्ही पोहोचलो. तपासणीच्या मैदानात साहेब कागद घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी कागद खाली केला. "तुम्ही ते रिव्हर्स ना? तीनदा नापास केलं होतं तुम्हाला."

"चौथ्यांदा पास केलंत साहेब."

"तेव्हा मला ताप होता." ते मागे गेले. "दाबा." मी दाबला. "सोडा." सोडला. त्यांनी वाकून काचेत बघितलं. "एलईडी. लाल काचेमागे लाल. बहुतेक लोक पांढरा लावून गुलाबी करून आणतात, काय सांगायचं त्यांना."

"काहीतरीच लोक असतात," मी म्हटलं. ताईला खोकला आला.

शिक्का बसला. परतताना चौकात थांबलो आणि ताईच्या सांगण्यावरून काकूंच्या दुकानात गेलो. काकूंनी बातमी ऐकून हात जोडल्यासारखं केलं, मग विचारलं, "गळत कुठून होतं रे?"

माझ्या खिशात पट्ट्या होत्या. काढून काउंटरवर ठेवल्या असत्या तर दोन मिनिटांत सगळं सांगून झालं असतं. काकू माझ्याकडे बघत होत्या, चष्मा कपाळावर, आणि मागे एवढे बल्ब.

"गंज होता," मी म्हटलं.

"तरी मी म्हटलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुझी ताई शिकवणार का आता?"

"सोमवारपासून. प्लॅस्टर निघाल्यावर गाडी, तोवर तोंडी."

"माझे चार तास राहिलेत," काकू म्हणाल्या. "लिहून घ्यायला सांग."

गाडीत बसल्यावर मी ताईला हे सांगितलं. तिने हात पुढे केला. मी पट्ट्या तिला दिल्या. तिने त्या उलटसुलट केल्या, वाकलेल्या जागी अंगठा ठेवला.

"वायरिंगवाल्याला म्हणावं, नवा स्विच बसव," ती म्हणाली. "चांगला, दुकानातला. माझ्या टाचेच्या मापाने. आणि हे कुणाला बोलायचं नाही. आठही जणांना नाही."

"आणि नवव्या, काकूंना?"

"त्यांना तर नाहीच नाही."

संध्याकाळी उन्हं उतरली तेव्हा मी अंगणात होतो. गाडी बंद, किल्ली खिशात, मागचे दिवे काळे. आई खिडकीत उभी होती, मग दिसेनाशी झाली आणि पदराला हात पुसत बाहेर आली. बाबांच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसली. बावीस वर्षांत त्या सीटवर ती कधी बसली नव्हती. ती जागा कामाची होती. आम्ही तिघं नेहमी मागे.

"तो ब्रेक हाच ना?" तिने विचारलं.

"हाच. तो दाबला की ड्रायव्हरचाही दबतो. कशाला?"

"तू मागे जा."

मी मागे गेलो. माझी जागा मला सांगावी लागत नाही.

"दाबला!" आई ओरडली. तिने हे खिडकीतून इतकी वर्षं ऐकलं होतं की सूरही तोच लागला.

"लागला!"

"सोडला!"

मागच्या काचेतून मला ती दिसत होती. तिने दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली, जशी ती जमिनीवर बसते तशी. खाली पायपुसणी रिकामी होती. वायर कापलेली होती. पट्ट्या ताईच्या उशाशी होत्या.

"विझला का रे?"

काकू म्हणाल्या होत्या, एलईडी एका फटक्यात विझतो, जुन्यासारखा रेंगाळत नाही. माझ्या समोर दोन्ही काचांमध्ये लाल होता. मग तांबूस. मग राखाडी.

मी घाई केली नाही.

"हो," मी म्हणालो. "आता विझला."